मासळी बाजाराचं छप्पर

औरंगाबादहून निघालो तेव्हा माझे वडील, अण्णा, गाडीच्या मागं मागं सिडकोतल्या आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत चालत आले होते. पायात स्लिपर, अंगात नुसता बनियन. असे ते कधी रस्त्यावर येत नसत. मैत्री माझ्या मांडीवर झोपली होती. आईनं दिलेला धपाट्यांचा डबा पायाशी होता, आणि मिलिंद पुढं बसून ड्रायव्हरशी उगीचच मुंबईच्या ट्रॅफिकबद्दल बोलत होता. वळणावर गाडी थांबली तेव्हा अण्णांनी खिडकीत वाकून एवढंच म्हटलं, "मान वर करून राहता येईल तिथं राहा. आमची काळजी करू नका."

ते तसं का म्हणाले हे आम्हाला ठाऊक होतं. अण्णांची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात कारकुनीत गेली. टक्केवारी कुणाकुणाला जाते हे टेबलापलीकडून बघत, गप्प राहत, स्वतः न घेता ते निवृत्त झाले. माझा नवरा मिलिंद सिव्हिल इंजिनिअर. त्याला गप्प राहणं जमलं नाही. रस्त्यांची कामं करणाऱ्या एका कंत्राटदाराकडं तो होता आणि तिथं 'हे असं चालणार नाही' असं एकदा बोलून बसला. त्यानंतर शहरात त्याला काम मिळेना. सिंगापूरची नोकरी आली तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो.

गेल्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. आज मी ती तिकडं राहिलेल्यांसाठी लिहितेय आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही. कारण दोघांनीही मला एकच प्रश्न विचारला आहे, कुणी तोंडावर, कुणी आडून: मिलिंदचं नेमकं काय झालं?

सुरुवातीची वर्षं पासिर रिसला गेली. तिथल्या एचडीबीच्या, म्हणजे सरकारी वसाहतीतल्या इमारतीच्या, दहाव्या मजल्यावरून समुद्राची एक चिंचोळी पट्टी दिसायची. मिलिंदचं ऑफिस हार्बरफ्रंटला होतं. कंपनी धक्के, जेट्टी, बंदरावरच्या इमारती बांधायची. पहिल्या महिन्यात तो घरी आला की आश्चर्यानं सांगायचा, "अगं, इन्स्पेक्टर आला, बघून गेला. चहासुद्धा नाही घेतला." आम्ही हसायचो. मैत्री शेजारच्या शाळेत जाऊ लागली आणि बघता बघता इथल्या इंग्रजीत "कॅन, मम्मी, कॅन" म्हणायला शिकली. मी औरंगाबादला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, ते सोडून आले होते. मला आणि मैत्रीला इथं राहायची परवानगी होती ती डिपेंडंट पासवर. म्हणजे मिलिंदची नोकरी आहे तोवर आम्ही. त्या वेळी हा शब्द मला टोचला नाही.

मग कंपनीला एका बेटांच्या देशातलं काम मिळालं. त्या देशाचं नाव मी लिहिणार नाही. तिथं ज्यांच्यामुळं माझा नवरा जिवंत परत आला, त्यांची माणसं अजून तिथं आहेत. एका लहान बंदरगावात मासळी बाजाराची मोठी शेड आणि जेट्टी बांधायची होती. राष्ट्राध्यक्षांचा लाडका प्रकल्प. निवडणूक तोंडावर होती आणि त्यांना उद्घाटनाची घाई होती. मिलिंदला साइटवर पाठवलं. दर दीड-दोन महिन्यांनी तो घरी यायचा, काळवंडलेला, पण सुरुवातीला खूश. तिथल्या सरकारी खात्याकडून लिडिया नावाची इंजिनिअर कामावर देखरेखीला होती. मिलिंदच्याच वयाची, मोठ्या आवाजाची. "तिच्यासमोर आपली सळई वाकडी बसवायची कुणाची हिंमत नाही," असं तो सांगायचा.

पुढच्या खेपांना त्याचं बोलणं कमी झालं. काँक्रीटचा पुरवठा राष्ट्राध्यक्षांच्या मेहुण्याच्या कंपनीकडं गेला होता. वाळू समुद्राची, न धुतलेली. सिमेंट कमी. तपासणीचे काँक्रीटचे ठोकळे दाबाखाली भुसभुशीत व्हायचे. मिलिंदनं आणि लिडियानं दोघांनी मिळून सांगितलं की छपराचा स्लॅब उतरवा, पुन्हा घाला. लिडियाला दुसऱ्या बेटावर बदली दिली. मिलिंदनं हार्बरफ्रंटच्या साहेबांना कळवलं. साहेब म्हणाले, क्लायंटचा निर्णय आहे. मी त्याला म्हटलं, "सोड आणि ये." तो म्हणाला, "मी सोडलं तर छप्पर पक्कं होणार आहे का?"

राष्ट्राध्यक्षांनी फीत कापली. टीव्हीवर दाखवलं. ते निवडून आले. आणि काही महिन्यांतच, एका सकाळी लिलाव चालू असताना, ते छप्पर खाली आलं.

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी भांडी घासत होते. "मी बरा आहे," तो म्हणाला. "मी बाहेर होतो. खाली माणसं आहेत." मग बराच वेळ नुसता ओरडण्याचा आवाज येत राहिला. तो फोन बंद करायचंच विसरला होता. मी साबणाच्या हातानं तशीच ऐकत उभी राहिले.

तो दिवसभर ढिगाऱ्यावर होता. लिडिया बोटीनं आली आणि तीही तिथंच उतरली. बायका मासळीच्या टोपल्यांसकट गाडल्या गेल्या होत्या. पुढच्या आठवड्यात तो परत यायला निघाला, तेव्हा विमानतळावर त्याचा पासपोर्ट काढून घेतला गेला. त्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष टीव्हीवर आले. डोळे पुसले. म्हणाले, परदेशी इंजिनिअरांच्या बेफिकिरीनं आपली माणसं गेली, दोषींना सोडणार नाही. मी ते इंटरनेटवर पाहिलं. खाली मिलिंदचा फोटो होता, कंपनीच्या ओळखपत्रावरचा, ज्यात तो जरा हसतोय.

मी हार्बरफ्रंटला गेले. ऑफिसच्या खिडकीतून समोरच्या इंडोनेशियातल्या बाताम बेटाला जाणाऱ्या फेरीबोटी दिसत होत्या. साहेबांनी मला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि "लीगल टीम इज हँडलिंग इट" हे वाक्य इतक्या मऊपणे म्हटलं की मी त्यांचे आभार मानून बाहेर आले. लिफ्टमध्ये लक्षात आलं की त्यांनी मला काहीच सांगितलं नव्हतं. थोड्याच दिवसांत कंपनीनं मिलिंदला कामावरून काढलं. त्याचा पास रद्द, म्हणून आमचाही. तो तिथून निघू शकत नव्हता, आणि आम्हाला इथून निघायला सांगत होते.

"परत ये," आई फोनवर रडत होती. पण परत गेले असते तर त्याच्यासाठी इथल्या दारांवर उभं कोण राहिलं असतं? वकील इथले, कंपनी इथली. आणि औरंगाबादच्या एका पेपरात आतल्या पानावर बातमी आली होती: 'परदेशात शहराच्या अभियंत्याला अटक'. त्यानंतर अण्णांनी वाचनालयात जाणं बंद केलं. विहारात जात, पण मागं बसत आणि वंदना संपली की लगेच निघून येत. मान वर करून राहा म्हणणारे माझे वडील. हे मला त्यांनी सांगितलं नाही, आईकडून कळलं.

इथल्या मराठी लोकांबद्दलही लिहिते. कुणाचं नाव घेणार नाही. काहींनी खूप केलं, मैत्रीला शाळेतून आणलं, डबे दिले. पण त्या दिवाळीला एका कॉन्डोमध्ये सगळे जमले होते आणि स्वयंपाकघराकडं जाताना मी ऐकलं, "कोट्यातून आलेले इंजिनिअर, दुसरं काय होणार." मी आत गेले. म्हणाले, "मिलिंद त्याच्या कॉलेजात पहिला आला होता."  एकीनं मला करंजी दिली. परतीच्या एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मला स्वतःचाच संताप आला. पहिला नसता आला, तर छप्पर त्यानं पाडलं असतं का? मी कुणाला आणि कशाचा पुरावा देत होते?

युनिव्हर्सिटीत पाणी शुद्ध करण्याच्या एका प्रयोगशाळेत मला काम मिळालं. कसं मिळालं ते आता नीट सांगता येणार नाही. जो भेटेल त्याच्याकडं भीक मागितल्यासारखी मागत होते, आणि एका बाईंनी माझा जुना अभ्यास बघितला. पास माझ्या स्वतःच्या नावावर झाला तेव्हा मी रडले नाही. भिंतीला टेकून उभी राहिले. पासिर रिसचं घर सोडून आम्ही दोघी क्लेमेंटीला एका तमिळ जोडप्याच्या फ्लॅटमधली खोली घेऊन राहिलो. मैत्रीची शाळा मात्र जुनीच. ती रोज सकाळी झोपेतच अख्खं सिंगापूर ओलांडायची. एकदा गाडीत तिनं विचारलं, "पपा कमिंग बॅक ऑर नॉट?" मी म्हटलं, "येणार." ती म्हणाली, "डोन्ट ब्लफ लह."

मिलिंदला आधी कोठडीत ठेवलं, नंतर राजधानीतल्या एका गेस्टहाउसमध्ये. रोज पोलीस ठाण्यात हजेरी. शुगर वाढलेली, औषध कधी मिळे, कधी नाही. लिडिया सुट्टीच्या दिवशी बोटीनं येऊन औषध पोचवायची. तिच्यावरही नजर होतीच.

मग एक दिवस त्याला सरकारकडून निरोप आला. व्हिडिओ कॉलवर त्यानं मला सांगितलं. खालच्या आवाजात, मराठीत, कारण दाराबाहेर माणूस बसलेला.

"सोडायला तयार आहेत. जबाब द्यायचा की काँक्रीट तपासून पास करण्याची जबाबदारी लिडियाची होती."

"मग दे," मी म्हणाले.

त्यानं मागं वळून दाराकडं बघितलं.

"दे, मिलिंद. तिचा देश आहे, तिची माणसं आहेत, ती लढेल. आपलं कोण आहे तिथं?"

"स्लॅब उतरवा असं पहिल्यांदा ती म्हणाली होती. माझ्या आधी."

"मला माहितेय. तरी दे."

"तिला फासावर चढवतील गं."

"आणि तू? तू तिथं औषधावाचून मेलास तर? मैत्रीला काय सांगू?"

 मी फोन आपटला. आजही मी म्हणते, त्या वेळी मी जे मागितलं ते कुठल्याही बायकोनं मागितलं असतं. मी अण्णांना फोन केला. वाटलं, मिलिंद त्यांचं ऐकतो, ते सांगतील. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे मी त्याला सांगणार नाही. तू पण सांगू नकोस." मला वाटलं फोन ठेवला. पण ते होते. अगदी हळू, आईला ऐकू जाऊ नये तसं म्हणाले, "पण तो आला पाहिजे गं."

मिलिंदनं जबाब दिला नाही. आम्ही कित्येक दिवस एकमेकांशी फक्त मैत्रीच्या शाळेबद्दल बोललो.

त्यानंतर जवळपास दर महिन्याला त्या सरकारबद्दल नवीन काहीतरी बाहेर येत गेलं. मेहुण्याच्या कंपनीला रस्ते, मेहुण्याच्या कंपनीला दवाखाने. मंत्री राजीनामे देत, पुन्हा घेतले जात. चौकशी समिती बसे, उठे. मी त्या देशाचे पेपर इंग्रजीत वाचायला लागले. प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत हॉकर सेंटरवर नूडल्स समोर ठेवून मी दूरच्या बेटावरच्या खासदारांची नावं पाठ करत असे. माझ्या स्वतःच्या जिल्ह्याच्या आमदाराचं नाव मला तेव्हा आठवलं नसतं.

शेवटी लोकच रस्त्यावर आले. त्यात मासळी बाजारात माणसं गमावलेले पुढं होते. मुदतीआधी निवडणूक झाली आणि राष्ट्राध्यक्ष हरले. निकाल लागला त्या दुपारी मी प्रयोगशाळेतून पळत खाली आले आणि बसस्टॉपवर उभी राहून हसत होते, रडत होते. नवे राष्ट्राध्यक्ष म्हणाले, भ्रष्टाचार मुळातून खणून काढू. मिलिंदवरचा आरोप मागं घेतला. मी विमानाची वेळ बघायला घेतली.

तर त्यांनी त्याला साक्षीदार केलं. मेहुण्याविरुद्धच्या खटल्यात तो सगळ्यात महत्त्वाचा साक्षीदार, म्हणून पासपोर्ट अजून सरकारकडंच. आरोपी असताना निदान जामिनाची आशा होती. साक्षीदाराला जामीन नसतो. तारखा पडत राहिल्या. माझ्या मनातून तेव्हा दोन्ही राष्ट्राध्यक्ष एकाच मापाचे झाले.

एवढं मात्र सांगायला हवं की तो बोलला. कोर्टात लिडिया आणि तो, दोघं लागोपाठ उभे राहिले. मेहुण्याच्या वकिलानं मिलिंदला विचारलं, तुम्हाला एवढं माहीत होतं तर काम सोडून का नाही गेलात? तो म्हणाला, "मी एकदा सोडून आलो होतो, माझ्या देशात. तिथला रस्ता त्यामुळं सुधारला नाही." हे मला लिडियानं फोनवर सांगितलं. तोवर मी तिच्याशी कधी बोलले नव्हते. बोलायची मला हिंमत होत नव्हती. मी काय मागितलं होतं ते मिलिंदनं तिला सांगितलं होतं का, हे मी आजही विचारलेलं नाही.

साक्ष संपल्यावर त्याला पासपोर्ट परत मिळाला. तो आला तेव्हा मैत्री त्याच्या खांद्याला लागत होती. चांगी विमानतळावर ती आधी माझ्या मागं थांबली, मग त्याच्या छातीत डोकं घालून उभी राहिली. तो इतका वाळला होता की पट्टा नवीन भोकं पाडून बांधलेला. विमानतळावरून निघालो, तानाह मेराहला गाडी बदलायला उतरलो, आणि तो बॅग घेऊन सरळ पासिर रिसच्या प्लॅटफॉर्मकडं चालू लागला. मी हाक मारली. "मिलिंद, तिकडं नाही." तो वळला. त्या एका क्षणी तो जितका हरवलेला दिसला, तितका कोठडीत नेतानाच्या पेपरातल्या फोटोतही दिसला नव्हता. क्लेमेंटीची खोली त्यानं फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलेली. कुठल्या बाजूला दार उघडतं हेही त्याला माहीत नव्हतं.

आता तो माझ्या पासवर आहे. डिपेंडंट. नोकरी मिळाली नाही. त्याचं नाव शोधलं की अजून आधी तीच बातमी येते, तोच हसरा फोटो. शेजारच्या मुलांना गणित शिकवतो. मुलांना आवडतो. काँक्रीटच्या नव्या इमारतीखालून जाताना चालण्याचा वेग वाढवतो, आणि मी न बघितल्यासारखं करते.

खटल्याचा निकाल लागलाच नाही. नव्या सरकारातले दोन पक्ष भांडले, सरकार पडलं, आणि पुढच्या निवडणुकीत जुने राष्ट्राध्यक्ष परत आले. हार, मिरवणूक, टीव्ही, सगळं. खटला पुराव्याअभावी बंद. तो दिवस मिलिंदनं खुर्चीतून न उठता काढला. मी त्याला म्हटलं, "आपण सुटलो ना?" तो म्हणाला, "लिडिया तिथंच आहे."

तिचा फोन लागेना. मग बातामहून तिचा एक मेसेज आला. दुपारच्या फेरीबोटीनं ती येणार होती, आम्ही तिला घ्यायला हार्बरफ्रंटला गेलो. सहलीहून परतणारी माणसं केकचे खोके घेऊन उतरत होती, आणि त्यांच्यामध्ये खांद्याला एक झोळी लावून लिडिया. मोठ्या आवाजाची म्हणून ऐकलेली बाई. ती कुजबुजत बोलत होती. घराला आग लावली होती. म्हातारी आई बहिणीकडं लपवून ती मासेमारीच्या बोटीनं निघाली होती.

व्हिजिट पासची मुदत होती तेवढे दिवस ती आमच्या खोलीत राहिली. मैत्री आणि ती पलंगावर, आम्ही खाली. मी वरण-भात केला, तिनं त्यावर मिरची कुस्करली. एकदा कपडे वाळत घालताना तिनं मला विचारलं, "घर सोडून आलं की किती दिवसांनी बरं वाटतं?" तिच्या डोळ्याला डोळा देणं मला तेव्हाही जड जात होतं. मी म्हणाले, "मला माहीत नाही." ती म्हणाली, "चालेल. खोटं बोलली असतीस तर वाईट वाटलं असतं." आणि बांबूला पुढचा टॉवेल लावला.

तिसऱ्या एका देशात तिच्या चुलत भावानं तिच्यासाठी काही व्यवस्था केली. निघताना मिलिंद आणि ती एकमेकांचे हात धरून उभे होते. मी बाजूला झाले. मग पुढं होऊन, आपल्याकडं पाहुण्याला सांगतात तसं सवयीनं म्हणून गेले, "घरी पोचलीस की मेसेज कर."

ती हसली. "कुठल्या घरी?"

तुम्ही मला विचारता, आता घर कुठलं. आई म्हणते इकडं या, अण्णांकडं बघवत नाही. मैत्री म्हणते, "दिस इज होम, वॉट." मिलिंद उठल्यावर आधी त्या बेटांच्या देशाची बातमी उघडतो. औरंगाबादची नाही, इथलीही नाही. ज्या गावची बातमी सगळ्यात आधी उघडावी लागते ते आपलं गाव, असं धरलं तर आमचं घर आता तिथंही आहे, ढिगाऱ्याच्या जागी, जिथं मी पाऊलही ठेवलेलं नाही आणि जिथं मिलिंदला आता पाऊल ठेवता येणार नाही.

लिडिया गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा मेसेज आला. एकच शब्द होता: पोचले.

मी तो मिलिंदला दाखवला. त्यानं वाचला, फोन मला परत दिला आणि शिकवणीच्या मुलांसाठी दार उघडायला गेला.